समुद्राच्या तळावर पाय रोवताना

एक रुपयाची नोट हाती आली तर तिची मागची बाजू निरखून पाहा. समुद्रात उभ्या असलेल्या एका अजस्र यंत्रनौकेचे चित्र तेथे आहे. हीच ‘सागर सम्राट’. १९७३ साली जपानमध्ये बांधलेल्या या नौकेने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्राचा तळ खणला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे खनिज तेल लागले. ते क्षेत्र म्हणजे बॉम्बे हाय, आजचे मुंबई हाय. तेल कसे सापडले ही कथा तुम्ही वाचली असेल. आज आपण वेगळाच प्रश्न घेऊ. तेथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. एवढ्या पाण्यात ही नौका उभी राहिली, ती कशाच्या आधारावर?

‘सागर सम्राट’ ही पाय असलेली नौका आहे. प्रवासात तिचे पाय वर उचललेले असतात. मुक्कामावर पोहोचल्यावर ते खाली सोडतात. पाय तळाला टेकले की नौकेचे धड त्याच पायांवर हळूहळू वर चढते आणि लाटांच्या वर जाऊन थांबते. मोटारीचे चाक बदलताना जॅकवर गाडी उचलतात तसाच हा प्रकार. अशा नौकांच्या पायांना बहुधा खाली रुंद, बोथट पोलादी टाचा असतात. उंटाचे पसरट पाऊल वाळूत फारसे रुतत नाही, त्याच कारणासाठी. भार तोच, पण क्षेत्रफळ वाढले की दाब कमी होतो, हे तुम्ही शिकलाच आहात.

अशा पायाला अभियंते ‘उथळ पाया’ म्हणतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, या म्हणीने हा शब्द बदनाम केला आहे. पण येथे त्याचा अर्थ कच्चा असा नाही. पायाची खोली त्याच्या रुंदीपेक्षा कमी किंवा फार तर तेवढीच असली, तर तो उथळ. बारा मीटर रुंद आणि सहा मीटर खोल पायासुद्धा उथळच. याउलट अरुंद पण खूप खोल ठोकलेले पोलादी खांब हा खोल पाया.

पुण्यात घर बांधताना काळी माती काढून मुरुमापर्यंत खणतात आणि तेथे पाया घालतात. घराचे वजन आज जेवढे, जवळजवळ तेवढेच उद्या, आणि ते सरळ खाली लागते. समुद्रात मात्र वजन ही मुख्य अडचण नसतेच. उलट वजन हा मित्र असतो. खरी अडचण असते ती आडव्या धक्क्यांची. वारा, प्रवाह आणि सर्वांत जास्त लाटा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात याच मुंबई हायच्या परिसरात ‘पी-३०५’ नावाचा नांगरलेला तराफा नांगर सुटून वाहवत गेला आणि बुडाला. अनेक माणसे त्यात दगावली. आडवा धक्का म्हणजे काय, हे त्यावरून कळावे.

आता थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा नौकेचे वजन ८,००० टन आहे आणि तिला चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार पाय आहेत. प्रत्येक पायावर २,००० टन आले. दोन पायांतील अंतर ५० मीटर धरू. वादळात एका बाजूने ५०० टनांचा जोर लागतो. लाटांचा जोर पृष्ठभागाजवळ जास्त असतो, म्हणून तो तळापासून ७० मीटर उंचीवर लागतो असे मानू. जोर गुणिले उंची, म्हणजे ३५,००० टन-मीटर परिबल नौकेला उलथवू पाहते. त्याला तोंड देण्यासाठी पलीकडच्या दोन पायांवर एकूण ७०० टन जास्त येतात आणि अलीकडच्या दोन पायांवर तितकेच कमी होतात. म्हणजे एका बाजूला २,३५० आणि दुसऱ्या बाजूला १,६५० टन.

हाच धक्का कोपऱ्याच्या दिशेने आला तर? कर्ण सुमारे ७१ मीटर. ३५,००० ला ७१ ने भागा. सुमारे ४९५ टन येतात आणि ते सारे एकाच पायावर! म्हणून अभियंता वादळाची सर्वांत सोयीची दिशा धरत नाही, सर्वांत वाईट दिशा शोधतो.

पण तो पाय २,४९५ टन पेलेल, याची खात्री कशी करायची? वादळात एकच पाय मीटरभर खचला तरी नौका कलंडेल. यावरची युक्ती मला फार आवडते. काम सुरू करण्याआधी, समुद्र शांत असताना, नौकेच्या टाक्यांत समुद्राचेच पाणी भरतात आणि प्रत्येक पायावर वादळात येईल त्याहूनही जास्त भार मुद्दाम आणतात. पाय रुतायचे तेवढे रुतू देतात. मग पाणी सोडून देतात. वादळाची परीक्षा वादळाआधीच घेतलेली असते.

तरीही एक धोका उरतो. कोकणातल्या एखाद्या पुळणीवर ओल्या वाळूत उभे राहून पाय भराभर दाबून पाहा. घट्ट वाटणारी वाळू खिरीसारखी होते. वाळूची ताकद कण एकमेकांवर दाबले गेल्यामुळे असते. कणांमधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळाला नाही तर भार पाणीच उचलते, कणांची पकड सुटते आणि वाळू वाहू लागते. पाण्याचा हा वाटा वजा करून मातीची खरी ताकद मोजावी, हे कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. दर १० सेकंदांनी एक लाट धरली, तर सहा तासांच्या वादळात २,१६० लाटा होतात, म्हणजे पायाला तितकेच धक्के. एक धक्का सोसणारी जमीन दोन हजारांवा सोसेलच असे नाही. शिवाय लाट परतताना तुमच्या टाचेखालची वाळू ओढून नेते ना? प्रवाह तसेच पायाभोवती कोरतो. तेथे दगडगोटे टाकावे लागतात.

लाटांचा अभ्यास लहान प्रतिकृतीवर करता येतो. खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे बंदरांच्या अशा प्रतिकृती करतात. शंभरपट लहान प्रतिकृतीत १२ मीटरची लाट १२ सेंटिमीटरची होते आणि १० सेकंदांचा काळ १ सेकंदाचा, कारण काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. मातीचे मात्र तसे जमत नाही. मातीची ताकद तिच्या स्वतःच्या वजनातून येते, आणि टाकीतल्या वीतभर मातीला वजन ते कितीसे! म्हणून प्रतिकृती गरगर फिरवून तिचे वजन वाढवतात. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये असे मोठे अपकेंद्री यंत्र आहे. साडेचार मीटर लांबीच्या भुजेने मिनिटाला सुमारे १४० फेरे घेतले, की टोकाची माती शंभरपट जड होते. हा आकडा तुम्हीही काढून पाहा.

आता उत्तर समुद्रात जाऊ. तेथे १९९४ साली सुमारे ७० मीटर पाण्यात, म्हणजे जवळपास मुंबई हायइतक्याच खोलीवर, ‘द्राउपनर’ येथे एक पोलादी सांगाडा उभारला. त्याला लांब खांब ठोकलेच नाहीत. चार पायांखाली चार पालथ्या पोलादी बादल्या बसवल्या. प्रत्येक १२ मीटर व्यासाची. बादली वाळूवर टेकवायची आणि आतले पाणी पंपाने ओढून घ्यायचे. आत दाब कमी, बाहेर जास्त. बाहेरचे पाणीच बादलीला खाली रेटते. दाबात एका वातावरणाचा फरक पडला, तर ११३ चौरस मीटरच्या झाकणावर सुमारे १,१३० टनांचा रेटा येतो. वादळात हीच बादली वर उचलली जाऊ लागली, तर आत पाणी शिरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लाट निघून जाते.

१ जानेवारी १९९५ रोजी येथेच २५.६ मीटर उंचीची लाट मोजली गेली. भोवतालच्या मोठ्या लाटा सुमारे १२ मीटरच्या होत्या. वरच्या भागाचे किरकोळ नुकसान झाले. पाया जागचा हलला नाही.

घरी करून पाहा: एका बादलीत वाळू भिजवून तिच्यावर थोडे पाणी राहू द्या. प्लॅस्टिकचा पेला पालथा धरा. त्याच्या बुडाला भोक पाडून सलाइनची नळी मेणाने घट्ट बसवा. पेला वाळूत बोटभर दाबा आणि इंजेक्शनच्या सुईविना पिचकारीने आतले पाणी ओढा. पेला आपोआप खाली जाऊ लागेल. मग नळीला गाठ मारून पेला एकदा झटक्याने आणि एकदा अगदी सावकाश वर ओढा. दोन्ही वेळी किती जोर लागला, ते ताणकाट्याने मोजा.