हन्नेचा झगा
(दूर शिकावयास गेलेल्या मुलांच्या आईबापांकरिता)

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:२४-२८, २:११-२१, ३:१-१०.

पावसाळा लागला म्हणजे आमच्या खेड्यांतील मुलामुलींच्या पेट्या एस.टी.त चढू लागतात. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी अहिल्यानगरास जातो. ही गोष्ट नवी नव्हे. १८३२ साली शाळा म्हणून आरंभ झालेले मुंबईचे विल्सन महाविद्यालय व १९४७ साली निघालेले अहमदनगर महाविद्यालय यांत आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले शिकली. परंतु मूल वसतिगृहात पोहोचवून आल्यावर आईबापांनी काय करावे, याचा विचार आपण थोडा करितो. आजच्या पाठात तो करू.

१. झगा दरवर्षी नवा. दूध तुटल्यावर हन्नेने शमुवेलास शिलो येथे परमेश्वराच्या मंदिरात ठेविले व ती रामा येथे परतली. परंतु वार्षिक यज्ञास जाताना ती त्याच्यासाठी दरवर्षी एक लहान झगा करून नेई. त्या झग्याचा रंग वा किंमत शास्त्र सांगत नाही. तो दरवर्षी नेला जाई, एवढे मात्र सांगते. वाढत्या मुलास गतवर्षीचा झगा होत नाही. म्हणून आपला बाळ आता केवढा झाला असेल, हे हन्नेस प्रत्येक वर्षी नव्याने मनात मोजावे लागले असेल. पुढे देवाने तिला आणखी तीन पुत्र व दोन कन्या दिल्या. तरी दूर असलेल्या लेकराचे माप तिने सोडले असे आम्हांस वाटत नाही. आपण मात्र मूल घरून निघाले तेव्हा जसे होते, तसेच ते आहे असे समजून त्याच्याशी बोलतो.

२. आम्हांस मिळालेला धडा. आमच्या मंडळीतील एका शेतकरी बंधूच्या मुलास बारावीत उत्तम गुण मिळाले. आम्ही उपदेशपीठावरून त्याचे नाव घेतले, मंडळीने टाळ्या वाजविल्या, आणि तो शहरी अभियांत्रिकी शिकावयास गेला. बाप दर रविवारी फोन करी व दोनच गोष्टी विचारी : पैसे पोहोचले काय, व अभ्यास कसा चालला आहे. मुलगा म्हणे, "पोहोचले, चांगला चालला आहे." पहिल्या वर्षी त्याचे चार विषय राहिले. ते त्याने आठ महिने लपविले. नाताळास घरी येण्याचेही टाळले. अखेर बाप स्वतः वसतिगृहावर गेला व एक रात्र त्याच्या खोलीत राहिला, तेव्हा मुलगा बोलता झाला. पुढे तो आम्हांस म्हणाला, "पाळकसाहेब, बाबा रागावतील याचे भय नव्हते. मंडळीत माझे नाव पुन्हा कसे घेतले जाईल, याचे होते." तो झगा आम्हीच शिवला होता, आणि तो त्याच्या अंगास होत नव्हता. त्याचे तीन विषय सुटले आहेत. चौथा बाकी आहे. पण आता तो घरी येतो.

३. एलीचे घर. हन्नेने ज्या घरी मूल ठेविले ते निर्दोष नव्हते. एलीचे पुत्र दुराचारी होते. शिवाय देवाने शमुवेलास हाक मारली त्या रात्री आई जवळ नव्हती. वृद्ध एली होता, व ती हाक कोणाची हे त्यानेच उमजून सांगितले. मुलाची प्रत्येक गोष्ट प्रथम आपल्याच कानी यावी, हा हट्ट आईबापांनी सोडावा. मात्र रात्री उठून ज्याच्याकडे जाता येईल असे एक वडील माणूस त्यास त्या शहरी असावे. याकरिता आपल्या पाळकाकडून तेथील पाळकास पत्र अवश्य द्यावे.

४. काय करावे. आठवड्यातील एक वेळ फोनास ठरवावी. प्रथम गुण विचारू नयेत. जेवावयास कोणाबरोबर बसतोस, खोलीत कोण आहे, हे विचारावे. घरची खबर खरी द्यावी : विहिरीचे पाणी, गाईचे वासरू, आजीचे दुखणेही. घर आपले दुःख लपविते, तर मूल आपले लपविण्यास तेथूनच शिकते. वर्षातून एकदा तरी जाऊन त्याची खोली पाहावी. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असला म्हणजे पुरे. हन्नाही रिकाम्या हाताने गेली नाही.

मंडळीत विचार करण्याजोगे प्रश्न :
(१) आपल्या मुलाच्या तेथील एका मित्राचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?
(२) नापास झाल्याची बातमी ते प्रथम कोणास सांगेल?
(३) मंडळीने केलेली स्तुती कोणा मुलास ओझे झाली आहे काय?

या रविवारी दूर असलेल्या प्रत्येक मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. त्याचे गुण सांगू नयेत.