रोगाच्या साथीनंतर मत्स्यटाकीतील दगडांचा पुनर्वापर

मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा शोभिवंत मासे ही बहुतेकांना शहरातील हौसेची वस्तू वाटत असे. पुढे या हौसेची बाजारपेठ झाली. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचा समावेश करण्यात आला. आता गोठ्याच्या बाजूला चार-सहा सिमेंटचे हौद बांधून गप्पी, मोली, गोल्डफिश यांची पैदास करणारी कुटुंबे खेड्यांतूनही आढळतात. या जोडधंद्यात सर्वांत मोठी हानी होते ती रोगाच्या साथीमुळे. आणि त्याहून दुःखद हानी होते ती दुसऱ्या खेपेस. पहिले मासे मेल्यावर हौद धुतला जातो, पाणी बदलले जाते, कर्ज काढून नवे बीज आणले जाते. परंतु तळातील दगड मात्र नुसते विसळून पुन्हा ठेवले जातात. थोड्याच दिवसांत नवे मासेही आजारी पडतात. म्हणून दगडांची शुद्धी कशी करावी, कोणते दगड ठेवावेत व कोणते टाकावेत, याची माहिती प्रत्येक मत्स्यपालकास असणे अवश्य आहे.

रोग दगडावर कसा टिकतो

पाण्यातील दगड वरून स्वच्छ दिसला तरी त्यावर बुळबुळीत थर असतो. या थरात, दगडाच्या फटींत व छिद्रांत रोगकारक जीव आश्रय घेतात. काही रोगांच्या बाबतीत तर दगड हा रोगाच्या जीवनचक्राचा एक टप्पाच असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हे याचे उत्तम उदाहरण होय. या रोगाच्या परजीवीचे शास्त्रीय वर्णन फूके या फ्रेंच संशोधकाने 1876 साली केले. हा जीव माशाच्या कातडीखाली वाढतो, पूर्ण वाढ झाल्यावर मासा सोडतो आणि तळाशी किंवा दगडावर चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो. कवचात त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले बाहेर पडतात व मासा शोधू लागतात. उबदार पाण्यात हे सारे चक्र साधारण चार ते सात दिवसांत पुरे होते. थंड पाण्यात त्यास काही आठवडे लागतात. पिल्लांना दोन-तीन दिवसांत मासा न मिळाल्यास ती मरतात. या रोगाचा दुबळेपणा येथेच आहे.

माशांची ऊ ही दुसरी शत्रू होय. ही चपटी ऊ नुसत्या डोळ्यांनी दिसते. मादी अंडी घालण्यासाठी मासा सोडते व दगड, बांबू किंवा हौदाची भिंत अशा कठीण पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटविते. आपल्याकडील उष्ण हवेत ती साधारण दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. माशांवरील उवा औषधाने मेल्या तरी दगडावरील अंडी शिल्लक राहतात, आणि रोग परत आला असे वाटते. ही अंडी पूर्ण कोरडी पडल्यास जगत नाहीत.

शेपटी व पर कुजविणारे जिवाणू बुळबुळीत थरात व साचलेल्या गाळात राहतात. ते थोड्याफार प्रमाणात सर्वत्र असतात. परंतु साथीनंतर दगडावर त्यांचा मोठा साठा झालेला असतो.

कोणते दगड ठेवू नयेत

मासे हळूहळू खंगत गेले, पाठीचा कणा वाकला, अंगावर न भरणाऱ्या जखमा झाल्या, अशी लक्षणे दीर्घकाळ दिसल्यास माशांच्या क्षयाची शंका घ्यावी. या क्षयाच्या जंतूंवर ब्लीचिंग पावडरच्या नेहमीच्या मात्रेचा पुरेसा परिणाम होत नाही. शिवाय हाताला जखम असल्यास ते माणसाच्या कातडीतही शिरतात व न बरी होणारी गाठ किंवा व्रण उत्पन्न करतात. अशा हौदातील दगड व वाळू रबरी हातमोजे घालून काढावी, विहीर व ओढा यांपासून दूर खोल खड्ड्यात पुरावी आणि नवे दगड आणावेत. हातावर व्रण उठल्यास डॉक्टरांना दाखवावे व माशांचा व्यवसाय असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

दगडाची जातही पाहावयास पाहिजे. देशावरील काळा पाषाण घट्ट असतो. त्याची शुद्धी सहज होते. कोकणातील जांभा सच्छिद्र असतो. त्यात औषध आत पोचण्यास वेळ लागतो व नंतर ते बाहेर निघण्यासही वेळ लागतो. त्यामुळे जांभ्याला दोन्ही कामी अधिक मुदत द्यावी. ठिसूळ, भुगा होणारा दगड टाकून द्यावा.

शुद्धीची रीत

1. दगड बाहेर काढून इतर हौदांपासून दूर न्यावेत. या कामाची जाळी, बादल्या व ब्रश निराळे ठेवावेत.

2. ताठ ब्रशाने दगड घासून थर व गाळ पूर्ण काढावा. ही पायरी गाळू नये. घाण शिल्लक राहिल्यास ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो व जंतू वाचतात.

3. प्लास्टिकच्या पिंपात 100 लिटर पाणी घ्यावे. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण 30 टक्के क्लोरीन असतो. अशी 70 ग्रॅम पावडर घातल्यास दर लिटरला सुमारे 200 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. गोणी उघडून बरेच दिवस झाले असल्यास पावडरची शक्ती कमी होते, म्हणून 100 ग्रॅम घ्यावी. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून मग पिंपात ओतावी.

4. काळा पाषाण या पाण्यात किमान एक तास आणि जांभा पूर्ण एक दिवस बुडवून ठेवावा. जाळी व बादल्याही याच वेळी बुडवाव्यात.

5. नंतर पिंपातच सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकार वापरतात तो हायपो, घातलेल्या पावडरच्या सव्वादोन पट वजनाने घालून ढवळावे. त्यायोगे क्लोरीन निष्प्रभ होतो. मग दगड स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावेत.

6. शेवटी दगड कडक उन्हात पसरून, मधूनमधून उलटून, किमान आठवडाभर वाळवावेत. जांभ्याला दोन आठवडे द्यावेत. पावसाळ्यात ऊन मिळत नसल्यास दगड छपराखाली वाऱ्यावर ठेवावेत आणि आतून कोरडे झाल्याशिवाय वापरू नयेत.

घ्यावयाची खबरदारी

ब्लीचिंग पावडरमध्ये आम्ल, व्हिनेगर किंवा फॉर्मलिन कधीही मिसळू नये. आम्लाने विषारी वायू सुटून जिवावर बेतते. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडाला फडके बांधून करावे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. मोठे दगड विस्तवावर तापवू नयेत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो व तुकडे अंगावर उडतात. बारीक खडी उकळावयाची असल्यास ती गार पाण्यात घालून हळूहळू उकळी आणावी, वीस मिनिटे उकळावी आणि भांड्यातच निवू द्यावी.

रोगी हौदाचे पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा भातखाचरात सोडू नये. त्यातून गावच्या मासळीला रोग लागतो आणि एका घरचे नुकसान साऱ्या गावाचे होते. त्या पाण्यातही ब्लीचिंग पावडर घालून ते एक दिवस ठेवावे व नंतर पडीक जमिनीत जिरवावे.

दगड पुन्हा ठेवताना

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दगडावर रोगजंतूंबरोबर उपकारक जिवाणूही राहत असतात. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर ते प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बरेच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. शुद्धीमध्ये हे मित्रही मरतात. म्हणून शुद्ध केलेला दगड हा सर्वार्थाने नवा दगड समजावा. अशा हौदात एकदम पूर्ण संख्येने मासे सोडल्यास अमोनिया साचतो, मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात व मरतात. मत्स्यपालकास वाटते की जुनाच रोग उलटला. प्रत्यक्षात तो घाईचा परिणाम असतो.

यासाठी हौद भरून आरंभी थोडे काटक मासे सोडावेत, खाद्य अगदी बेताचे द्यावे आणि पाणी थोडे थोडे बदलावे. उपकारक जिवाणूंची वाढ पुरी होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत माशांवर ठिपके, उवा किंवा जखमा दिसल्या नाहीत, तर संख्या टप्प्याटप्प्याने वाढवावी. बाहेरून आणलेले बीज प्रथम तीन आठवडे निराळ्या हौदात ठेवावे. कारण शुद्ध दगडावर रोगी मासा सोडल्यास सारे श्रम वाया जातात.

विस्तार कार्यकर्त्यांचे काम

ग्रामसेवकांनी व विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील प्रत्येक मत्स्यपालकास साथीची तारीख, लक्षणे, दगड धुतल्याचा दिवस व पुन्हा मासे सोडल्याचा दिवस एका वहीत टिपून ठेवण्यास सांगावे. रोगाचे निदान होत नसल्यास मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांचा सल्ला घेईपर्यंत नवे बीज घेऊ देऊ नये. आठ-दहा दगडांची किंमत फारशी नसते. परंतु त्यांवर लपलेल्या रोगामुळे कुटुंबाचा पूर्ण हंगाम बुडू शकतो. घासणे, बुडविणे, धुणे, वाळविणे आणि धीर धरणे या पाच गोष्टी क्रमाने पाळल्यास तेच दगड निर्धास्तपणे पुन्हा उपयोगात आणता येतील.