दोन्ही ब्रेक एका पेडलावर आणण्यापूर्वी

चि. बाळ यास,

तुझे पत्र व सोबतचा आराखडा पोहोचला. उद्यमनगरातल्या तुझ्या दुकानात जी जुनी बुलेट तू नव्याने बांधावयास घेतली आहेस, तिच्या मालकांची उजव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये गेली असून ॲक्सिलरेटर पिळण्यापुरता तो हात चालत असला तरी पुढचा ब्रेक जोराने आवळण्याइतके बळ त्यात उरलेले नाही, आणि म्हणून पुढचा व मागचा असे दोन्ही ब्रेक पायाच्या पेडलावर आणावेत असे तुझ्या मनात आहे, हे वाचून मला समाधान वाटले. कारण गाडीचे रूप पालटण्याच्या नादात ब्रेकला हात घालणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, पण माणसाची अडचण समोर ठेवून ब्रेकचा विचार करणारा क्वचितच भेटतो. मूळ कल्पना योग्य आहे. आराखडा मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे तुला नीट उमजावे म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहे.

पेडलाच्या मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या नळीला टी-जोड देऊन एक फाटा मागच्या कॅलिपरला व दुसरा पुढच्या एकुलत्या एक कॅलिपरला तू नेला आहेस आणि हाताचा लिव्हर निरुपयोगी ठरवून काढून टाकला आहेस. यामुळे दोन ब्रेकचा एकच ब्रेक झाला. उद्या फोर्कजवळचा होज पाइप घासून फुटला, एखादा बँजो बोल्ट सैल पडला किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर फाटले, तर त्या क्षणी आंबा घाटाच्या उतारावर त्या गृहस्थांच्या हाती व पायी काहीही शिल्लक राहणार नाही. दुचाकीला दोन स्वतंत्र ब्रेक देण्याचा प्रघात याच भयाने पडला आहे. तेव्हा ब्रेक जोडताना एक गोष्ट ध्यानात धर: पायाच्या एका आज्ञेने दोन्ही चाके थांबावीत, पण कोणत्याही एका दोषाने दोन्ही चाके मोकळी सुटू नयेत. बाकीचे सारे हिशेब या अटीच्या ताबेदारीत राहून करावयाचे आहेत.

ही अट पाळून जोडब्रेक कसा करावा, याचा उत्तम नमुना इटलीतील कोमो सरोवराकाठच्या मान्देल्लो देल लारिओ या गावी, मोटो गुझ्झीच्या कारखान्यात, 1970च्या दशकात सिद्ध झाला. त्यांच्या 850 टी-3 या गाडीला पुढे दोन व मागे एक अशा तीन डिस्क होत्या. पायाचे पेडल दाबले की मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क अशा दोन्ही एकदम आवळल्या जात, आणि हाताचा लिव्हर पुढच्या उजव्या डिस्कपुरता, स्वतःच्या निराळ्या मास्टर सिलिंडरसह व निराळ्या नळीसह, वेगळा ठेवलेला असे. पायाचा मार्ग बंद पडला तरी हाताचा उरतो आणि हाताचा गेला तरी पायाचे दोन उरतात. इंग्लंडात रज कंपनीने त्याच्याही अर्धशतक आधी, 1920च्या दशकात, ड्रम ब्रेकांवर असाच प्रयोग केला होता व तिथेही हाताचा पुढचा ब्रेक शाबूत राखला होता. तुझ्या गृहस्थांना गुझ्झीची मांडणी जणू मापाने बेतल्यासारखी बसते: बहुतेक काम पाय करील, आणि उरलेल्या बोटांत जितके बळ आहे तितके उजवी डिस्क वाया जाऊ देणार नाही. यासाठी तुला पुढच्या फोर्कला दुसरा कॅलिपर बसवावा लागेल व दोन्ही बाजूंना डिस्क घेणारे हब शोधावे लागेल. खर्च वाढेल, पण त्यात काटकसर करू नकोस.

आता प्रमाणाचा प्रश्न. ब्रेक लागताच गाडीचा भार मागून पुढे सरकतो हे तू जाणतोसच, पण किती सरकतो याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कॅलिपर निवडणे म्हणजे अंधारात हात घालणे होय. धर की गाडी व स्वार मिळून 250 किलो आहेत, उभ्या स्थितीत दोन्ही चाकांवर समान म्हणजे 125 किलो भार आहे, दोन्ही आसांमधील अंतर 1400 मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 560 मिलिमीटरवर आहे. सरकणारा भार म्हणजे एकूण वजन गुणिले मंदन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले आसांतर. गुरुत्वत्वरणाच्या पाचव्या हिश्श्याइतके हलके मंदन असेल तर 20 किलो सरकतात व पुढे 145, मागे 105 राहतात, तेच 0.7 पट मंदन झाले तर 70 किलो सरकून पुढे 195 आणि मागे अवघे 55 उरतात. म्हणजे हलक्या ब्रेकला जे प्रमाण 58 ला 42 असे योग्य ठरते, तेच जोराच्या ब्रेकला 78 ला 22 असे व्हावे लागते. एकाच सिलिंडरमधून दोन्ही कॅलिपरांना द्रवाचा दाब पास्कालच्या नियमाप्रमाणे सारखाच जातो, त्यामुळे टी-जोडातले प्रमाण कायमचे एकच राहते; हलक्या ब्रेकला ते जुळवावे तर जोराच्या ब्रेकला मागचे चाक अडकते, आणि जोराच्या ब्रेकला जुळवावे तर रोजच्या वापरात मागचा ब्रेक नाममात्र उरतो.

गुझ्झीच्या मांडणीतील खरी चतुराई इथे दिसते. तिची पुढची डिस्क 300 मिलिमीटरची व मागची 242 मिलिमीटरची. कॅलिपर समान व दाब समान धरला तर केवळ डिस्कच्या मापामुळे पायाच्या ब्रेकचे प्रमाण सुमारे 55 ला 45 पडते, जे हलक्या ब्रेकला जवळपास जुळते. जोराने थांबावयाचे झाले की स्वार हातानेही आवळतो, पुढची दुसरी डिस्क कामाला लागते, आणि प्रमाण आपोआप 71 ला 29 च्या आसपास येते. कोणतीही गुंतागुंतीची झडप न लावता स्वाराच्या स्वाभाविक हालचालीनेच प्रमाण सुधारते. तुझ्या गृहस्थांच्या बाबतीत हा दुसरा टप्पा दुबळा राहणार, हे मात्र विसरू नकोस. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक 0.8 धरला, तर नुसत्या पायाने 55 ला 45 या प्रमाणात सुमारे 0.5 पट मंदन मिळाल्यावर मागचे चाक अडकू लागेल. म्हणून मागच्या नळीत मोटारींना लावतात तशी दाब मर्यादित करणारी झडप बसव. एका ठरावीक दाबापुढे ती मागचा दाब हळू वाढू देते व पुढच्याला मोकळा सोडते. आणि गाडीची चेसिस लांबवण्याचा, सीट खाली बसवण्याचा तुझा जो बेत आहे, त्याने हे सारे आकडे बदलतात, कारण आसांतर वाढले व गुरुत्वमध्य उतरला की भार कमी सरकतो. तेव्हा आधी चेसिस कायम कर, मग ब्रेकचा हिशेब धर.

मास्टर सिलिंडरच्या निवडीत तू अर्ध्या इंचाचा, म्हणजे 12.7 मिलिमीटर बोअरचा, सिलिंडर लिहिला आहेस. एका कॅलिपरला तो पुरतो. तेवढ्याच क्षेत्रफळाचे दोन कॅलिपर त्याच्यावर टाकलेस तर पॅड डिस्कला टेकण्यासाठी दुप्पट द्रव ढकलावा लागेल आणि पेडल दुप्पट खाली जाईल, कदाचित तळाला टेकेल. 5/8 इंचाचा घेतलास तर पिस्टनाचे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे अधिक होते, पेडलाची चाल सव्वापटीच्या आसपास येते, आणि तेवढाच दाब निर्माण करण्यास पायाचा जोर दीडपटीहून जास्त लागतो. पण त्या जोरावर दोन चाके थांबत असल्याने व मांडीचे बळ बोटांच्या बळाहून किती तरी अधिक असल्याने ही अडचण नव्हे. शिवाय पेडलाच्या दांड्याची लांबी तुझ्या हाती आहे. द्रवाची टाकीही मोठी घे, कारण दोन्ही कॅलिपरांचे पॅड झिजत गेले की तितका द्रव खाली उतरून बसतो.

एका सूक्ष्म गोष्टीवर मी मुद्दाम बोट ठेवतो. मास्टर सिलिंडर उघडून टाकीच्या तळाशी पाहिलेस तर दोन छिद्रे दिसतील. त्यातले एक इतके बारीक की सुईचे टोकही जेमतेम जाईल. पेडल पूर्ण सुटलेले असताना हे बारीक छिद्र उघडे असलेच पाहिजे, कारण घाट उतरताना तापून फुगलेल्या द्रवाला टाकीत परतण्याचा तोच एकमेव मार्ग आहे. पेडल घट्ट लागावे म्हणून ढकलदांडा एखाद्या मिलिमीटरने जास्त पुढे घेतला की पिस्टनाचे रबर ते छिद्र झाकून टाकते; मग द्रव फुगतो, पॅड आपोआप घासू लागतात, घासल्याने उष्णता वाढते, उष्णतेने द्रव आणखी फुगतो, आणि पायही न लावता चाक आवळले जाते. साध्या गाडीत असे झाले तर मागचे चाक अडकते; तुझ्या जोडब्रेकात पुढचेही अडकेल, आणि पुढचे चाक अडकलेला स्वार सहसा सावरत नाही. म्हणून पेडलाला स्पष्ट जाणवेल इतकी मोकळी चाल ठेव आणि त्या गृहस्थांनाही ती हाताने हलवून दाखव, म्हणजे पुढे कोणी ‘ढिला आहे’ म्हणून ती काढून टाकणार नाही.

पेडलापासून निघून हँडलच्या खालून वर चढणारी व मग फोर्कवर उतरणारी लांब नळी हवेला फार आवडते. तिच्या सर्वांत उंच वळणावर बुडबुडा अडकून बसतो व खालून कितीही एअर काढलीस तरी हलत नाही. त्या उंच जागीच एअर काढण्याचा निपल दे, किंवा कॅलिपरकडून पिचकारीने द्रव वर ढकल. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे वापर. पुढचे चाक अधांतरी करून फोर्क पूर्ण लांबू दे व हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पाहा. होज कुठेही ताणता वा घासता कामा नये.

चाचणीची घाई करू नकोस. प्रथम दुकानातच, पेडलावर ठरावीक वजन टांगून, दोन्ही चाकांच्या टायरला दोर बांधून ताणकाट्याने ओढ, आणि चाक फिरू लागते तेव्हाचे दोन्ही आकडे लिहून ठेव. कागदावरचे प्रमाण व हे प्रमाण जुळले तरच पुढे जा. मग रिकाम्या, कोरड्या मैदानावर सावकाश वेगाने, नंतर मागे माणूस बसवून, आणि शेवटी ओल्या जमिनीवर. नुसत्या पेडलाने पुढचे चाक मागच्याच्या आधी अडकत असेल तर गाडी त्यांच्या स्वाधीन करू नकोस.

जोडब्रेकाचा एक दोष कोणत्याही झडपेने जात नाही आणि तो त्या गृहस्थांना तू तोंडाने सांगितला पाहिजेस. खडीवर किंवा लाल चिखलात, हँडल पूर्ण वळवून, अगदी मंद गतीने गाडी फिरवताना सराईत स्वार केवळ मागचा ब्रेक वापरतो. यांच्या पेडलाने मात्र पुढचे वळलेले चाकही आवळले जाईल व गाडी आडवी होण्याचा संभव राहील. अशा जागी क्लचवर सावरून, पेडलाला जेमतेम स्पर्श करून वळण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी.

तुझ्या पत्रात होंडाच्या पद्धतीचा उल्लेख आहे. 1990च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मोठ्या गाड्यांवर जी रचना आणली, तीत ब्रेक लागताच पुढचा कॅलिपर किंचित फिरून स्वतःच एक दुय्यम सिलिंडर दाबतो व तो दाब झडपेतून मागे जातो. फार सुंदर काम आहे, पण कारखान्याच्या प्रयोगशाळेचे. तुझ्या दुकानात त्याची नक्कल करू नये. आपल्याकडच्या स्कूटरींवरचा तारेचा जोडब्रेकही मुख्यतः ड्रमसाठी आहे. आणि 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आहे. तशा एखाद्या गाडीवर हे काम करून मागावयास कोणी आले तर साफ नकार दे.

आता सरकारी बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 अन्वये नोंदणी दाखल्यातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच कडक अर्थ कायम केला. तथापि शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीच्या स्वतःच्या वापरासाठी वाहनात बदल करण्याची वाट त्याच कलमात मोकळी ठेवलेली असून त्यास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. चेसिस लांबवण्याचा बेत या सवलतीत बसणार नाही. तो सोडून द्यावास, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेकच्या कामासाठी त्या गृहस्थांचा वैद्यकीय दाखला, तुझा मोजमापांसह आराखडा व चाचणीचे आकडे एका अर्जासोबत जोडून परिवहन कार्यालयात आधीच दाखव. काम झाल्यावर तपासणीत अडलेली गाडी सोडवून आणणे हे गृहस्थांच्या खिशाला व तुझ्या नावाला दोन्हीकडून जड पडते. विम्याच्या कंपनीलाही लेखी कळव.

मागच्या कॅलिपरच्या पिस्टनाचा व्यास, पेडलाच्या टेकूपासून ढकलदांड्यापर्यंतचे व पावलापर्यंतचे अंतर, आणि त्या गृहस्थांना सीटवर बसवून दोन्ही चाकांखाली काटे ठेवून घेतलेली वजने तू कळवलेली नाहीस. ती पाठव. ती येईपर्यंत मास्टर सिलिंडर मागवू नकोस.



तुझा,
मामा