अंथरूण पाहून मेश पसरा

पोरांनो, विमानाभोवतीच्या हवेचं गणित, म्हणजे सीएफडी, मांडायला बसताय, तर हे कानात ठेवा. क्लस्टर कितीही मोठा मिळाला तरी पुरत नाही. खर्च वाचतो तो रन लावण्याआधी, प्रश्न नीट ठरवताना.

आधी कागद. लहान कोनांवर पातळ एअरफॉइलचा लिफ्ट गुणांक अंशाला साधारण 0.11 ने वाढतो. तुमचा आकडा यापासून फार लांब गेला, तर चूक शोधा. मेश बारीक करत बसू नका. एअरफॉइल निवडायचा असेल, तर मार्क ड्रेला यांचं एक्सफॉइल साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उत्तर देतं. संपूर्ण पंखाच्या पहिल्या अंदाजाला व्होर्टेक्स लॅटिस पुरतं. यातून तावून-सुलाखून निघालेले दोन-तीन आकारच क्लस्टरवर न्या.

अर्धं विमान घ्या. वारा सरळ समोरून आहे, विमान दोन्ही बाजूंनी सारखं आहे, मग मधोमध सिमेट्री प्लेन टाका. निम्मे सेल तिथेच वाचले. मात्र वारा तिरका असेल किंवा एक इंजिन बंद असेल, तर ही काटकसर करू नका.

मेश सरसकट बारीक करू नका. सेलची बाजू तिन्ही दिशांनी निम्मी केली की 10 लाखांचे 80 लाख सेल होतात. एक्स्प्लिसिट सॉल्व्हर असेल, तर टाइम स्टेपही निम्मा करावा लागतो; म्हणजे काम सोळापट. बारीक मेश पंखाची पुढची कड, शॉक आणि मागचा वेक इथेच द्या. दूरची हवा जाड सेलवर भागते. भिंतीलगत मात्र हात आखडू नका. वॉल फंक्शन नसेल, तर पहिल्या सेलचा वाय-प्लस 1 च्या आसपास हवाच. नाहीतर ड्रॅगचा आकडा फसवतो.

शून्यातून सुरुवात नको. 2 अंशांचं उत्तर हाताशी असेल, तर 4 अंशांचा रन तिथूनच उचला. लिफ्ट आणि ड्रॅग स्थिरावले, रेसिड्युअलही पुरेसे खाली आले, की थांबा.

सिम्युलेटरला तक्ते द्या. वैमानिकाने स्टिक हलवली की उत्तर क्षणात हवं. तिथे सीएफडी चालवायला वेळच नसतो. मॅक नंबर, कोन आणि कंट्रोलच्या स्थितीनुसार गुणांकांचे तक्ते आधी करून ठेवा, मधले आकडे इंटरपोलेशनने काढा. लिफ्ट सरळ रेषेत वाढते तिथे मोजके बिंदू घ्या, स्टॉलजवळ दाट.

आणि शेवटचं. हे सगळं वाचवायचं ते योग्य जागी खर्चायला. स्टॉलनंतर प्रवाह पंखावरून सुटतो, तिथे नेहमीच्या टर्ब्युलन्स मॉडेलवर डोळे झाकून विसंबू नका. वाचलेले तास तिथल्या महागड्या रनला द्या, आणि अंतिम आकडा तीन वेगवेगळ्या मेशवर तपासल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. त्या आकड्यावर उद्या माणसं उडणार आहेत.