आरोग्याचा पाठ : ताजा मासा कसा ओळखावा



पालघर जिल्ह्यात किनाऱ्यावरचा मासा टेम्पोने घाट चढून जव्हार-मोखाड्याकडच्या आठवडे बाजारात येतो. सकाळी महाग असलेला वाटा उन्हे कलली की स्वस्त होतो, आणि मजुरी आटोपून आलेल्या आईच्या पिशवीत तोच पडतो. तिला "स्वस्त घेऊ नका" असे सांगून उपयोग नाही. कोणता वाटा घ्यावा आणि कोणता सोडावा, हे तिला ओळखता आले पाहिजे. म्हणून हा पाठ बचत गटाच्या बैठकीत आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवावा.

चार खुणा

१. कल्ले : झाकण उचलून आत पाहा. ताज्या माशाचे कल्ले लाल आणि ओलसर असतात. शिळ्याचे तपकिरी किंवा राखाडी होतात व चिकट लागतात.

२. डोळे : ताज्या माशाचे डोळे फुगीर व चकचकीत असतात. शिळ्याचे खोल जातात, धुरकट होतात. मात्र बर्फात ठेवलेल्या चांगल्या माशाचे डोळेही कधी धुरकट दिसतात, म्हणून केवळ डोळ्यांवर जाऊ नये.

३. अंग : बोटाने दाबा. मांस लगेच वर आले तर मासा ताजा; खळगा तसाच राहिला तर शिळा. पोट फुटलेले किंवा हात लावताच खवले सुटत असतील, तर तो वाटा सोडा.

४. वास : ताज्या माशाला समुद्राचा किंवा नदीचा हलका वास येतो. आंबूस, उग्र, नाकात झोंबणारा वास आला, तर किंमत विचारूही नका.

एका खुणेवर निर्णय घेऊ नये. चारही पाहाव्यात. कापलेल्या तुकड्यांपेक्षा अख्खा मासा घ्यावा, कारण तुकड्यात डोळे आणि कल्ले दिसत नाहीत.

काही मासे वेगळे

बोंबील मुळातच मऊ व पाणीदार असतो, त्याला बोटाची परीक्षा लागू पडत नाही. त्याची चमक आणि वास पाहावा. कोळंबीचे डोके काळे पडून अंगापासून सुटत असेल तर घेऊ नये. चिंबोरी जिवंतच घ्यावी. तिसऱ्यांचे शिंपले मिटलेले असावेत. उघडा शिंपला टिचकी मारूनही मिटला नाही, तर तो टाकावा. पावसाळ्यात ओढ्यात किंवा नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले, तर ते गोळा करू नयेत. पाण्यात विष किंवा शेतातले औषध उतरलेले असू शकते.

बांगड्याची जास्त काळजी

बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना राहिले, की त्यांतले जंतू हिस्टामीन नावाचा पदार्थ तयार करतात. तो शिजवून, तळून किंवा खारवूनही जात नाही. मासा दिसायला चांगला असला, तरी तो त्यात असू शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, उलट्या होतात. श्वास लागला किंवा भोवळ आली, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. म्हणून बांगडा घेताना "बर्फ कधीपासून आहे?" हे कोळीणबाईंना जरूर विचारा. पाटी उन्हात आणि बर्फ नाही, असे दिसले तर बांगडा नकोच.

घरी आणल्यावर

बाजारात मासा शेवटी घ्यावा आणि सरळ घरी यावे. आतडी व कल्ले काढून स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी शिजवावा. बर्फ वा फ्रिज नसेल, तर कच्चा मासा रात्रभर ठेवू नये. मनासारखा ताजा मासा मिळाला नाही, तर त्या दिवशी कोरडे खडखडीत सुके बोंबील किंवा सुकट घ्यावी. बुरशी आलेली किंवा ओलसर सुकट मात्र घेऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या बाजारात मासा किती वाजता येतो? बर्फ शेवटपर्यंत टिकतो का?
२. दोन मासे समोर ठेवून चारही खुणा प्रत्येकीने तपासून पाहाव्यात. कोणती खूण सर्वांत लवकर कळली?
३. पाड्यावर कोणाला माशामुळे त्रास झाला, तर वाहन कोणाकडे मिळेल? हे आजच ठरवून ठेवा.