गुडघा सरळ झाला, पाऊल का लटकतं?

प्रश्न : आईचं वय 63. संधिवाताने गुडघे आत वळून एकमेकांना घासायचे. सहा आठवड्यांपूर्वी उजवा गुडघा बदलला. पाय सरळ झाला, पण पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते. पुढच्या रोवणीला ती बांधीत उतरेल का?
– एक वाचक, आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टेंगळाला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते. वर्षानुवर्षं आत वळलेला पाय एकदम सरळ केला की ती ताणली जाते. घट्ट पट्टीनेही दबते. म्हणून याला लगेच डॉक्टरांची चूक म्हणू नका.

नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, त्यामुळे सुधारणेला महिने लागतात. नसेची विद्युत तपासणी आता करून घ्या. घोट्याला आधाराची पट्टी हवीच, नाहीतर टाच आखडते. बधिर पाऊल शेकोटीजवळ नेऊ नका, भाजलेलं कळणारही नाही. तीन-चार महिन्यांत हालचाल दिसली नाही तर नसेच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. नंतर स्नायूबंध वळवून पाऊल उचलता करता येतं. हे तंत्र कुष्ठरुग्णांवर खूप वापरलं गेलं आहे. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आढळतो आणि तो हीच नस धरतो. अंगावर बधिर चट्टा आहे का, तेही एकदा पाहून घ्या.

पोटरी सुजून असह्य दुखली किंवा पाऊल गार पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि रोवणी? नस सुधारली तरी कृत्रिम गुडघ्याने चिखलात वाकून राबू नये, असंच मी सांगेन.