जुन्या देवळांची यात्रा

सुगी संपते. धान्य घरात येते. मग आपल्याकडे यात्रेचे दिवस सुरू होतात. कोणी माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जातो. कोणी औंढ्याला नागनाथाच्या पायावर डोके ठेवतो. एकट्याने जाण्यापेक्षा दहाजणांनी मिळून जावे, ही आपली जुनी चाल आहे. दहाजण असले म्हणजे भजन होते. ओझे वाटून घेता येते. म्हाताऱ्या माणसाला कोणाचा तरी हात मिळतो. चार दिवस घरची कटकट मागे राहते आणि मन देवाकडे लागते.

अशी एक तीन दिवसांची यात्रा आपल्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतच करता येते. पहिल्या दिवशी देगलूर तालुक्यातले होट्टल. दुसऱ्या दिवशी मुखेड. तिथून उदगीरवरून तिसऱ्या दिवशी निलंगा आणि खरोसा. या गावांची देवळे आणि लेणी शेकडो वर्षांची जुनी आहेत. ती पाहायला फार पैसा लागत नाही. सवड मात्र लागते.

सवड का, ते सांगतो. आपण देवळात जातो, घंटा वाजवतो, हात जोडतो आणि बाहेर येतो. एवढ्याला दोन मिनिटे पुरतात. पण ज्यांनी हे देऊळ बांधले त्यांना वर्षानुवर्षे लागली. त्यांनी काय केले, कशासाठी केले, हे आपण पाहिलेच नाही, तर दर्शन अर्धेच झाले.

पहिला दिवस : होट्टल

होट्टल आज लहान गाव आहे. जुन्या काळी त्याला पोट्टल म्हणत. तेव्हा ते मोठे नगर होते. इथे सिद्धेश्वराचे देऊळ आहे. ते कल्याणीच्या चालुक्य राजांच्या काळातले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते आपल्या शेजारी, बीदर जिल्ह्यात आहे.

अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हे देवगिरीच्या यादव राजांचे प्रधान. ते तेराव्या शतकात होऊन गेले. होट्टलची देवळे त्यांच्याही आधीची, अकराव्या-बाराव्या शतकातली आहेत. म्हणजे नाव हेमाडपंतांचे, पण बांधणी त्यांच्या आधीपासूनची.

देवळात शिरताना घाई करू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा. जोते पाहा. भिंतीवरच्या मूर्ती पाहा. दगडावर दगड कसा बसवला आहे ते पाहा. या पद्धतीत चुना वापरत नसत. एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला कुसू ठेवून ते एकमेकांत अडकवीत. दगडाचा भारच दगडाला धरून ठेवतो. मग सभामंडपात या. खांबांवरची नक्षी पाहा. गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी थांबा. आत अंधार असतो. डोळे थोडे मिटून उघडा, म्हणजे आतले दिसू लागते. तिथे सर्वांनी मिळून थोडा वेळ मौन धरावे. बोलणे थांबले, की मनही ठिकाणावर येते. भजन संध्याकाळी मंडपाबाहेर बसून करावे.

दगडावरचा सातबारा

जुन्या देवळांजवळ कधी कधी अक्षरे कोरलेली शिळा दिसते. तिला शिलालेख म्हणतात. अशी शिळा दिसली, की यात्रेतली एखादी आजी विचारतेच :

“गुरुजी, ह्ये काय लिवलंय?”

“आजी, ही जुनी कानडी अक्षरं हायेत. मलाबी वाचता येत न्हाईत.”

“मग आमाला कशाला दाखवता?”

“वरच्या बाजूला बघा. काय काढलंय?”

“चंद्र हाय, सूर्य हाय.”

“मग वाचलं की तुमी! चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावं, असं त्यात सांगितलंय.”

अशा शिळांवर बहुधा चंद्र-सूर्य असतात. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही ते समजतात. खाली अक्षरांत राजाचे नाव असते. दान कोणी दिले, केव्हा दिले, ते असते. देवाच्या दिव्याला तेल, हाराला फुले, पूजेच्या खर्चाला जमीन, असे ते दान असे. जमिनीच्या हद्दीही कधी कधी सांगितलेल्या असतात. शेवटी बजावलेले असते, की हे दान मोडील त्याला पाप लागेल. थोडक्यात, हा दगडावरचा सातबाराच आहे.

त्यावरून एक गोष्ट कळते. देऊळ एकट्या राजाने उभे केले नाही आणि एकट्याने चालवलेही नाही. पाथरवटाने घाम गाळला. शेतकऱ्याच्या जमिनीतून खर्च निघाला. तेल्याच्या घाण्यावरून दिव्याला तेल आले. माळ्याने फुले दिली.

हे लेख वाचणारी विद्वान माणसेही आहेत. श्रीनिवास रित्ती आणि गो. चं. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले शिलालेख वाचून त्यांचे पुस्तक केले. ते १९६८ साली निघाले. अजूनही नवे लेख सापडतात. होट्टलला ढिगारा काढताना तीन देवळांची जोती आणि एक शिलालेख सापडला, अशी बातमी २०२५ च्या जानेवारीत आली. तो लेख इ.स. १०७० च्या सुमाराचा आहे. देवळासाठी दान देणाऱ्यांची नावे त्यात आहेत. साडेनऊशे वर्षे ती नावे मातीखाली राहिली, पण पुसली नाहीत.

दुसरा आणि तिसरा दिवस

मुखेडला महादेवाचे जुने देऊळ आहे. त्याला दशरथेश्वर म्हणतात. तेही चालुक्यांच्या वळणाचे. होट्टल पाहून आलेल्या माणसाला इथे कोणी सांगावे लागत नाही. खांब, उंबरठा, गाभारा तो आपणच ओळखतो. जसे धुळाक्षरे गिरवल्यावर पुस्तकातले अक्षर ओळखू येते, तसेच हे.

निलंग्याचे नीळकंठेश्वराचे देऊळ आणखी वेगळे. एका देवळात तीन गाभारे आहेत. महादेवाची पिंड, विष्णू आणि शिव-पार्वतीची मूर्ती अशी तीन दैवते तिथे आहेत. मंडप मात्र तिघांना एकच. देव एका मंडपात नांदतात, मग भक्तांनी वेगळे का बसावे? आपल्याकडे काही माणसांना देवळाच्या पायरीबाहेर ठेवीत, हे आपण जाणतो. पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. पुढे २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. तिने अस्पृश्यता कायमची बंद केली. म्हणून यात्रेला निघताना गावातल्या प्रत्येक वस्तीवर निरोप द्या. पंगत एकच मांडा. नाहीतर तीन दिवस फिरून पुण्य किती आणि पायपीट किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खरोशाला देऊळ बांधलेले नाही, ते डोंगरात खोदलेले आहे. ही लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. शिव-पार्वती, नरसिंह, कार्तिकेय, रावण यांच्या मूर्ती इथे आहेत. दगड जांभा आहे. तो काळ्या पाषाणासारखा टणक नाही. ऊन, वारा, पाणी यांनी मूर्ती झिजल्या आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिले म्हणजे कळते, की दगडालाही आयुष्य असते.

भक्ती आणि जपणूक

ऊन-पाण्यापुढे आपला इलाज चालत नाही. पण पुष्कळ नुकसान आपल्याच हातून होते. बहुतेक वेळा ते वाईट हेतूने होत नाही. कोणी भक्तीने मूर्तीवर तेल-शेंदराचे थर चढवतो. नाक-डोळे बुजून जातात. कोणी भिंतीला ऑइलपेंट देतो. शिलालेखाची अक्षरे भरून जातात. कोणी कोरीव दगडावर नारळ फोडतो. मुले खिळ्याने आपली नावे कोरतात. कुठे कुठे लेखाच्या शिळेवर बायकांनी धुणे धुतले आहे. तो लेख आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

सर्वांत मोठे नुकसान जीर्णोद्धाराच्या नावाने होते. गाव वर्गणी काढते. जुने दगड ओढून टाकते. गुळगुळीत फरशीचे नवे देऊळ उभे करते. नवे देऊळ वर्षभरात होते. जुने मात्र कितीही वर्गणी काढली तरी परत येत नाही. आणि दान देणाऱ्या त्या जुन्या माणसांची नावे कुठल्या तरी ओढ्याच्या बांधात जातात.

म्हणून एवढे करा. पूजा जरूर करा. हळद-कुंकू पायाशी वाहा, अक्षरांवर नको. देवळाजवळ पुरातत्त्व खात्याची पाटी असेल तर ती वाचा. महाराष्ट्रात १९६० चा कायदा आहे. त्याप्रमाणे संरक्षित देवळाची मोडतोड करणे गुन्हा आहे. दुरुस्ती हवी असेल तर आधी खात्याला अर्ज करा. नांगराला मूर्ती, नाणी किंवा कोरीव दगड लागला तर लपवू नका आणि विकू नका. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा. जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते, असा कायदा १८७८ पासून आहे.

आता तुम्हांला लिहिता-वाचता येते. तेव्हा यात्रेहून परत आल्यावर एक काम करा. आपल्या गावच्या देवळाची पानभर माहिती लिहा. देऊळ कशाचे आहे, किती खांब आहेत, कुठे अक्षरे कोरलेली आहेत का, हे लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ते काय सांगतात तेही लिहा. खाली तारीख घाला. तो कागद शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या माणसाला तो उपयोगी पडेल.

प्रश्न

१. होट्टलचे देऊळ हेमाडपंतांच्या आधीचे आहे, हे कशावरून म्हणता येते?

२. शिलालेखावर चंद्र-सूर्य का काढीत?

३. निलंग्याच्या देवळात गाभारे किती आणि मंडप किती?

४. तुमच्या शेतात जुनी मूर्ती सापडली तर तुम्ही काय कराल?

५. तुमच्या गावच्या देवळाचा दिवा आज कोणाच्या तेलावर जळतो? चौकशी करून लिहा.